सारथीतल्या एका तरुण तारकागुच्छामागे साडेचार वर्षं

फेब्रुवारी 2025 मध्ये माझी पीएचडीची व्हायवा झाली. नोंदणी ऑगस्ट 2020 ची, म्हणजे साडेचार वर्षं गेली. विषय होता एनजीसी 1893 या खुल्या तारकागुच्छाचं प्रकाशमापन, म्हणजे त्यातल्या ताऱ्यांची तेजस्विता वेगवेगळ्या रंगांत मोजणं. सुरुवातीच्या दिवसांत मी रात्र रात्र शोधत बसायचे, की कॉलेजात शिकवता शिकवता असं काम कुणी केलंय का, दुर्बिणीवरचा वेळ मागतात कसा, आणि तिथे जाऊन काही चुकलं तर पुढे काय होतं. तेव्हा मला जे वाचायला हवं होतं, ते आता लिहून ठेवते आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आठवड्याला सोळा तास, शिवाय परीक्षा, प्रवेश, नॅकच्या फाइली. आमच्याकडे दुर्बीण नाही आणि खगोलशास्त्राचा विभागही नाही. पण पुण्यात आयुका आहे. 1988 मध्ये ती संस्था उभी राहिली तीच मुळी विद्यापीठांत आणि कॉलेजांत शिकवणाऱ्यांना या विषयात संशोधन करता यावं म्हणून. 2019 मध्ये तिथल्या एका कार्यशाळेत मी पहिल्यांदा एका तारकागुच्छाचा रंग-प्रत आलेख (आडवा ताऱ्यांचा रंग, उभी त्यांची प्रत, म्हणजे दिसणारी तेजस्विता; प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) काढून पाहिला आणि तिथेच ठरवलं, की हेच करायचं.

खुला गुच्छ म्हणजे एकाच ढगातून, जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले तारे. सगळ्यांचं आपल्यापासूनचं अंतर सारखं, वय सारखं, फरक फक्त वस्तुमानाचा. त्यामुळे एकट्या ताऱ्याकडे बघून जे वय सांगता येत नाही, ते गुच्छाकडे बघून सांगता येतं. कृत्तिका आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या, त्यांचं वय दहा कोटी वर्षांच्या आसपास. एनजीसी 1893 त्या मानाने अगदी बाळ आहे, जेमतेम चाळीस लाख वर्षांचा. ज्या सारथी तारकासमूहात ब्रह्महृदय चमकतो, त्यातच हा आहे. जॉन हर्शेल यांनी 1827 मध्ये तो नोंदवला. अंतर दहा हजार प्रकाशवर्षांहून थोडं जास्त. आमच्या कॉलेजमागच्या विहिरीत जो काळा दगड दिसतो, तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हा दगड थंड होऊन सहा कोटी वर्षं उलटली, तेव्हा कुठे हे तारे पेटायला लागले. वर्गात हे सांगितलं की मुलं मागे वळून खिडकीतून विहिरीकडे बघतात.

या गुच्छात निदान पाच ओ प्रकारचे, अतिशय तप्त तारे आहेत. त्यांच्या प्रारणाने भोवतालचा वायू उजळलाय, तो तेजोमेघ म्हणजे आयसी 410. त्यात बेडकाच्या पिल्लांसारखे दोन ढग आहेत, सिमेइस 129 आणि 130. डोकं तप्त ताऱ्यांकडे, शेपटी उलट दिशेला. फोटो सुंदर येतात, पण प्रकाशमापनाच्या दृष्टीने हाच उजळ वायू त्रास देतो, कारण ताऱ्याच्या मागची पार्श्वभूमी जागोजागी बदलते.

पहिला प्रस्ताव मी 2021 च्या पावसाळ्यात पाठवला. उत्तराखंडात देवस्थळला 1.3 मीटरची दुर्बीण आहे, ती मागितली. समुद्रसपाटीपासून साधारण 2,400 मीटर उंची. पावसाळ्यात तिथली निरीक्षणं बंद असतात, नवा हंगाम ऑक्टोबरपासून धरायचा. माझा प्रस्ताव नामंजूर झाला. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. मग शेरे शांतपणे वाचले, तर ते बरोबर होते. मी लिहिलं होतं, ‘या गुच्छाचा सविस्तर अभ्यास करणे’. हा प्रश्नच नव्हे. किती अंधुक ताऱ्यापर्यंत जायचंय, त्यासाठी किती सेकंदांचं एक्सपोजर, अंधारी रात्र का हवी, याचा हिशेब नव्हता. आणि कंट्रोल फील्ड मागितलंच नव्हतं. गुच्छाच्या शेजारचा, गुच्छ नसलेला तेवढाच तुकडा टिपल्याशिवाय मधल्यामधले परके तारे किती आहेत हे कसं कळणार?

2022 च्या पावसाळ्यात दुसरा प्रस्ताव पाठवला. त्याच वर्षी 13 जूनला ताऱ्यांच्या जागा, अंतरं आणि हालचाली मोजणाऱ्या गाया उपग्रहाची तिसरी माहितीसूची आली होती, तिचा उपयोग कसा करणार तेही लिहिलं. प्रश्न एकच ठेवला: या गुच्छातले कमी वस्तुमानाचे तारे, जे अजून मुख्य क्रमावर, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळत स्थिरावलेल्या ताऱ्यांच्या रेषेवर, पोचलेले नाहीत, ते कोणते आणि त्यांचं वय किती? सूर्य जर या गुच्छात नेऊन ठेवला, तर मधली धूळ धरून तो व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमध्ये 18.6 प्रतीचा दिसेल. म्हणजे निदान 20 प्रतीपर्यंत जायला हवं. या एका वाक्यावरून एक्सपोजरचा सगळा हिशेब मांडता आला. प्रस्ताव लिहिणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे, की आधी असं एक वाक्य शोधा.

तीन रात्री मिळाल्या: 22, 23 आणि 24 डिसेंबर 2022. अमावस्या 23 ला होती. यू, म्हणजे अतिनील-जांभळ्या फिल्टरसाठी अंधार लागतोच, कारण चांदण्यात निळं-जांभळं आकाश सगळ्यात जास्त उजळतं.

मग कागद सुरू झाले. ड्यूटी लीव्हसाठी वेळ मंजूर झाल्याचं पत्र, गाइडचं पत्र, प्राचार्यांची शिफारस, संस्थेची परवानगी. त्याच आठवड्यात सत्र परीक्षा होती. माझी पर्यवेक्षणं दोन सहकाऱ्यांनी घेतली, जानेवारीत मी त्यांची केली. मंजुरीचा ईमेल आला त्याच दिवशी मी अर्ज दिला होता, तरी सही निघायच्या आधी पंचवीस दिवस गेले. तुम्ही नोकरी करत असाल तर अर्जाला उशीर करू नका. आणि परतीच्या प्रवासात एक दिवस जास्तीचा मागून ठेवा.

सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या राणीखेत एक्सप्रेसने काठगोदाम, पुढे गाडीने घाट चढून वर. डिसेंबरात उत्तरेत धुकं असतं, म्हणून मी एक दिवस हातात ठेवून निघाले. जाण्यायेण्याचा आणि मधल्या मुक्कामाचा मिळून खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास आला. सामानात दोन थर्मल, लोकरी मोजे, हेडटॉर्चला लाल कागद, दोन हार्ड डिस्क, आणि घरून कडक भाकरी व शेंगाचटणी. ही शेवटची वस्तू थट्टेवारी नेऊ नका. पहाटे तीन वाजता स्वयंपाकघर बंद असतं आणि भूक मात्र जोरात लागते. चटणीचा डबा दुसऱ्या रात्रीच रिकामा झाला, त्यात माझ्याहून जास्त वाटा तिथल्या मंडळींचा होता आणि मला त्याचा फार आनंद झाला.

पहिली रात्र गेली. संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं, आठनंतर खालून दमट हवा चढली. दुर्बिणीवरचे सहायक दर दहा मिनिटांनी आर्द्रतेचा आकडा वाचायचे. शेवटी म्हणाले, “मॅडम, अब खोलना ठीक नहीं. शीशे पर ओस बैठ जाएगी.” आम्ही पहाटे पाचपर्यंत वाट पाहिली. आरशाची काळजी आपल्या डेटापेक्षा मोठी, इथे वाद घालायचा नसतो.

23 ला मात्र तसं आकाश मिळालं जसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी पहिल्याच तासात चूक केली. संध्याकाळी मावळतीच्या उजेडात फ्लॅट घेतात, म्हणजे एकसारख्या उजळ आकाशाच्या फ्रेम, ज्यांच्यावरून कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता कळते. मी व्हीपासून सुरुवात केली. व्ही, आर (लाल), आय (अवरक्ताजवळचा), बी (निळा) झाले आणि यूकडे आले तोवर आकाश काळं पडलेलं. यूमध्ये कॅमेऱ्याला सगळ्यात कमी दिसतं, म्हणून संध्याकाळी यू आधी आणि पहाटे यू शेवटी, हा क्रम मला पाठ होता. गडबडीत सुटला. दोनच कामाच्या फ्रेम हातात आल्या. छातीत धडधडायला लागलं. सहायक म्हणाले, सकाळी घेऊ. पहाटे झोप बाजूला ठेवून, उजाडताना उलट्या क्रमाने सगळे फ्लॅट पुन्हा घेतले, यूच्या नऊ फ्रेम मिळाल्या. तेव्हापासून माझ्या रात्रीच्या आराखड्याच्या पहिल्या ओळीत ‘यू फ्लॅट’ असं ठळक लिहिलेलं असतं.

त्या अक्षांशावरून हा गुच्छ जवळजवळ डोक्यावरून जातो. रात्री साडेअकराच्या सुमाराला तो सर्वांत उंच होता. कॅमेऱ्यात आकाशाचा 18 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चौकोन मावतो, गुच्छ त्यात नीट बसतो. प्रत्येक फिल्टरमध्ये आखूड आणि लांब अशी दोन्ही एक्सपोजर घेतली. लांब एक्सपोजरमध्ये ओ तारे इतके भरून वाहतात की त्यांच्या खालीवर पांढरी रेघ उमटते. ते तारे आखूड फ्रेममधून मोजायचे. मध्येमध्ये दुर्बीण एसए 98 कडे वळवायची. आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा हा तुकडा लँडोल्ट यांच्या 1992 च्या यादीतला आहे, इथल्या ताऱ्यांच्या प्रती वारंवार मोजून पक्क्या केलेल्या आहेत. रात्री साडेनऊला तो पूर्वेला खाली होता, एक वाजता उंच, चार वाजता पश्चिमेला उतरलेला. तीन उंचींवर मोजलं की वातावरण किती प्रकाश खातं ते निघतं.

माझा निम्म्याच्या आसपास वेळ या प्रमाण ताऱ्यांवर, फ्लॅटवर, बायसवर (कॅमेऱ्याची मूळ पातळी कळावी म्हणून घेतलेल्या शून्य सेकंदांच्या फ्रेम) गेला. तिथे बसल्यावर फार वाटतं की हा वेळ आपल्या गुच्छाला द्यावा. देऊ नका. 24 ला पातळ ढग होते, त्या रात्रीच्या लांब फ्रेम स्वतंत्रपणे काहीच कामाच्या नव्हत्या. पण 23 च्या नितळ रात्रीत प्रमाण तारे चोख मोजलेले असल्याने गुच्छातल्याच काही ताऱ्यांच्या पक्क्या प्रती मिळाल्या, आणि त्यांना धरून 24 च्या फ्रेम जागेवर बसवता आल्या. तो हात आखडता घेतला असता तर दोन्ही रात्री गेल्या असत्या.

एकदा मध्यरात्री दोन मिनिटं बाहेर आले होते. घुमट फिरतानाचा घरघर आवाज थांबला आणि एकदम इतकं शांत झालं की स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. डोक्यावर सारथी. नुसत्या डोळ्यांनी गुच्छाच्या जागी काही दिसत नाही. आत मात्र त्या क्षणी त्याचाच प्रकाश जमा होत होता.

डेटा तीन जीबीच्या आसपास भरला, आजकाल एखाद्या लग्नाच्या व्हिडिओहून कमी. दोन डिस्कवर दोन प्रती घेतल्या, एक पाठीवरच्या पिशवीत, एक सुटकेसमध्ये.

जानेवारी ते जून 2023 मोजणी. सॉफ्टवेअरला एक रुपया लागला नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून आयराफ हे आकाशाच्या प्रतिमा मोजण्याचं सॉफ्टवेअर चालवलं, त्यातलं डाओफॉट, जे स्टेटसन यांनी 1987 मध्ये जगापुढे ठेवलं, आजही गर्दीतल्या ताऱ्यांसाठी वापरलं जातं. ताऱ्याच्या ठिपक्याचा आकार आधी वीसेक एकट्या ताऱ्यांवरून शिकायचा आणि मग तो साचा सगळ्यांवर बसवायचा. ते एकटे तारे हाताने निवडा, मशीनवर सोडू नका. शेजारी अंधुक तारा दडलेला असेल तर साचाच वाकडा होतो आणि वजाबाकीनंतर प्रत्येक ताऱ्याभोवती काळं-पांढरं कडं उरतं.

एप्रिलमध्ये माझ्या बी आणि व्हीच्या प्रती आधी प्रसिद्ध झालेल्या मोजमापांशी ताडून पाहिल्या. व्हीमध्ये 0.24 चा फरक, सगळ्या ताऱ्यांना सारखाच. इतक्या फरकाने गुच्छाचं अंतर दहाएक टक्क्यांनी सरकतं. पाच आठवडे मी फ्लॅट, एक्स्टिंक्शन (वातावरणाने खाल्लेला प्रकाश), एक्सपोजरचे आकडे, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. रात्री जेवताना हातातला घास तसाच राहायचा. शेवटी सापडलं: ॲपर्चर करेक्शनचे, म्हणजे मोजणीच्या वर्तुळाबाहेर सांडलेल्या प्रकाशाच्या दुरुस्तीचे, 0.12 वजा करायच्या जागी मी मिळवले होते. 0.12 इकडचे आणि 0.12 तिकडचे, झाले 0.24. तुमचा फरक सगळ्या ताऱ्यांना सारखाच येत असेल, तर त्याचा अर्धा करून बघा; तो आकडा तुमच्याच फाइलीत कुठेतरी लिहिलेला असेल.

पुढे यू-बी आणि बी-व्ही या दोन रंगांचा आलेख. मधली धूळ ताऱ्यांना लाल करते, ती किती, हे त्यातून कळतं. माझ्या ताऱ्यांत कमीत कमी 0.4 इतकं रेडनिंग निघालं, म्हणजे व्हीमध्ये जवळजवळ सव्वा प्रत प्रकाश धुळीने गिळलेला. गुच्छात ही धूळ सगळीकडे सारखी नाही, तरुण गुच्छांची ही ओळखच.

आता मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. सप्टेंबर 2023 मध्ये मी गायाच्या सूचीशी माझे तारे जुळवले. गुच्छातले तारे आकाशात एकत्र सरकतात, त्यांची निजगती सारखी असते, त्यावरून घरचे आणि पाहुणे वेगळे करता येतात. वर पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित हललेली दिसते तो कोन; त्यावरून अंतर निघतं. या गुच्छाचा पराशय साधारण 0.3 मिलिआर्कसेकंद (मिलिआर्कसेकंद म्हणजे विकलेचा हजारावा भाग). मी कडक चाळणी लावली: ज्यांचा पराशय त्याच्या मोजणीतल्या चुकीच्या पाचपट तरी नाही, ते सगळे बाद. उरलेल्या ताऱ्यांचा रंग-प्रत आलेख काढला आणि इतका देखणा आला की मी प्रिंट काढून टेबलासमोर लावला. सडपातळ मुख्य क्रम, वरून खाली सरळ उतरलेला, 17 व्या प्रतीजवळ संपलेला.

गाइड सरांनी तो पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट आलेखाच्या रिकाम्या खालच्या भागावर ठेवून म्हणाले, “बाई, पोरं कुठे गेली?”

19 व्या प्रतीहून अंधुक ताऱ्यांसाठी गायाच्या मोजणीतली चूकच 0.2 मिलिआर्कसेकंदांच्या पुढे जाते. त्या ताऱ्यांची पाचपटीची अट पुरी होणं शक्यच नव्हतं. आणि मुख्य क्रमाच्या उजवीकडे जो विस्कटलेला पुंजका होता, जो मी कचरा समजून काढून टाकला, तेच तर तरुण तारे होते. सूर्याइतक्या ताऱ्याला मुख्य क्रमावर यायला काही कोटी वर्षं लागतात. इथे तर चाळीस लाखच झालीत. ते अजून आकुंचन पावताहेत, म्हणून रेषेच्या उजवीकडे. ते एका रेषेत बसत नाहीत कारण काहींची तेजस्विता बदलते, काहींभोवती धुळीची चकती आहे, काही जोडतारे आहेत, आणि मधली धूळ असमान. माझा प्रस्ताव ज्यांच्यासाठी होता, ज्यांच्यासाठी मी पहाटेपर्यंत जागले, त्यांनाच मी आलेख नीटनेटका दिसावा म्हणून पुसून टाकलं होतं.

तो प्रिंट काढला आणि चाळणी पुन्हा बांधली. अंधुक ताऱ्यांसाठी पराशय सोडला, निजगतीच्या अटी चुकीच्या प्रमाणात सैल केल्या. कंट्रोल फील्डचा आलेख गुच्छाच्या आलेखातून वजा केला. उरलेल्यांना अवरक्त आणि क्ष-किरणांतल्या प्रसिद्ध याद्यांशी ताडलं. या गुच्छाकडे स्पिट्झर आणि चंद्रा या दोन्ही दुर्बिणींनी पाहिलेलं आहे. चकती असलेला तारा अवरक्तात जास्त उजळ दिसतो, चकती विरलेला तरुण तारा क्ष-किरणांत सापडतो. दोन्ही याद्या घेतल्या नाहीत तर निम्मी भावंडं राहून जातात.

पेपर ऑक्टोबर 2023 मध्ये पाठवला. सात आठवड्यांनी परीक्षकांचे तेवीस मुद्दे आले. एप्रिल 2024 मध्ये स्वीकारला गेला. माझी नोंदणी यूजीसीच्या 2016 च्या नियमांखालची, त्यामुळे प्रबंधाआधी पेपर आणि दोन परिषदांतली सादरीकरणं सक्तीची होती. तुमची नोंदणी कोणत्या वर्षाच्या नियमांत बसते ते आधी बघा.

विद्यापीठाच्या पातळीवर सगळ्यात जास्त वेळ एका अक्षरामुळे गेला. नोंदवलेल्या शीर्षकात ‘तारकागुच्छांचे’ होतं, प्रत्यक्षात गुच्छ एकच झाला. अनुस्वार काढायला समितीची बैठक लागते, बैठक चार महिन्यांनी झाली. शीर्षक नोंदवताना गाइडशेजारी बसून प्रत्येक शब्द तपासा. सहामाही प्रगती अहवालांच्या पोचपावत्या फेकू नका, प्रबंध जमा करताना सगळ्या मागितल्या. शुल्क, छपाई, बांधणी धरून साडेचार वर्षांत सत्तेचाळीस हजार गेले. सप्टेंबर 2024 मध्ये प्रबंध दिला.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, की तुमच्या आलेखात ताऱ्यांची वयं दहा लाखांपासून पन्नास लाख वर्षांपर्यंत पसरलेली दिसतात, मग तारे टप्प्याटप्प्याने जन्मले असं का नाही म्हणत? मी म्हटलं, तो पसारा सगळाच वयाचा आहे असं माझ्या डेटावरून म्हणता येत नाही. त्यातला किती भाग जोडतारे, धूळ आणि बदलत्या तेजस्वितेचा आहे, हे वेगळं करायला एकाच ताऱ्याकडे अनेक रात्री पाहावं लागेल. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

ते काम आता हाती घेतलंय. माझी एमएस्सीची एक विद्यार्थिनी येत्या पावसाळ्यातल्या प्रस्तावाचा मसुदा करते आहे, त्याच गुच्छातल्या बदलत्या ताऱ्यांसाठी. परवा तिने रात्रीचा आराखडा दाखवायला आणला. प्रश्न एका वाक्यात होता. फ्लॅटची ओळ मात्र तिनेही व्हीपासून सुरू केली होती. मी पेन्सिलीने बाण काढून यू वर नेला.